येसूबाईसाठी धरलेली ओळ

महाड,
फाल्गुन, गुरुवार

प्रिय आम्रपाली,

काल फोनवर मी तुला एवढेच सांगितले की, माझे पत्र हाती पडेपर्यंत नोंदवहीतल्या त्या कोऱ्या ओळीला हात लावू नकोस. तू ‘बरं काका’ म्हणालीस आणि कारण विचारले नाहीस. तू विचारायला हवे होतेस. पोलादपूर इथून किती दूर? येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाच्याही हाती पाकीट देता आले असते, किंवा मीच सकाळच्या एसटीत बसून आलो असतो. तरीही लिहायला बसलो आहे आणि हे टपालानेच पाठवणार आहे. बोललेले बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या सोयीने बदलत जाते. लिहिलेले जिथल्या तिथे राहते. पत्र लांबेल. वाक्य अर्धवट सोडणे मला जमत नाही, हे तुला नव्याने सांगायला नको.

आधी त्या ओळीविषयी. दिवाळीच्या तोंडावर वरच्या वाडीतली येसूबाई तुझ्या टेबलाशी आली होती. एका कागदावर तिचे नाव येसूबाई, दुसऱ्यावर यशोदा. ही दोन्ही नावे एकाच बाईची आहेत, असे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून तिला निराधारांचे अनुदान सुरू करून घ्यायचे होते. तू नोंदवहीत क्रमांक घातलास, तारीख घातलीस आणि तेवढ्यात आधार कार्डाची झेरॉक्स नसल्याचे तुझ्या लक्षात आले. वीज गेलेली, झेरॉक्सवाला हातावर हात ठेवून बसलेला आणि वाडीकडची एसटी सुटण्याच्या बेतात. तू तिला म्हणालीस, ‘आजी, तुम्ही जा. तुमचा नंबर मी धरून ठेवते.’ ती गेली आणि पुढच्याच आठवड्यात मुलाने तिला नालासोपाऱ्याला नेले. वहीत क्रमांक राहिला, तारीख राहिली. पुढे नाव नाही, गाव नाही, कामाचे स्वरूप नाही. पावतीपुस्तकातले त्या क्रमांकाचे पानही तसेच कोरे. खालच्या ओळी भरत गेल्या, पाने उलटत गेली. आज त्या एका ओळीवर रखमाबाईची घाटरस्त्यालगतची जमीन आणि तुझा अर्जलेखकाचा परवाना, अशा दोन्ही गोष्टी टांगलेल्या आहेत. कशा, ते क्रमाने सांगतो.

तुझे वडील तुला माझ्याकडे घेऊन आले तो दिवस आठवतो. नागसेन आणि मी एकाच कचेरीच्या आवारात उमेदीची वर्षे काढली. तो आत, खुर्चीवर, आणि मी बाहेर, जांभळाखाली, टेबल टाकून. तो म्हणाला, ‘श्रीपतराव, पोरगी मुंबईला जायला तयार नाय आणि घरात बसायला तर त्याहून नाय. तुमच्या टेबलापाशी बसवा. नाही जमलं तर परत धाडा, मी रागावणार नाय.’ मी तुला एक अर्ज लिहायला दिला. अक्षर सुरेख होते, ऱ्हस्व-दीर्घ बऱ्यापैकी जागेवर होते. पण शेवटी तू लिहिलेस, ‘अर्जदाराकडून फी घेण्यात आली.’ मी विचारले, कोणी घेतली? तू इकडेतिकडे पाहून म्हणालीस, ‘आपणच की, काका.’ मग तसे लिही, मी म्हटले. लोकांचे पैसे आपल्या हातातून जातात, तिथे कर्ता लपवायचा नसतो. तू वाक्य खोडायला लागलीस, तर मी तुझा हात धरला. खोडायचे नाही, वरून एक आडवी रेघ, बाजूला सही आणि पुढे शुद्ध वाक्य. त्या दिवशी घरी जाऊन तू नागसेनला म्हणालीस म्हणे, ‘बाबा, हे अर्ज शिकवत नायत, पहिलीत बसवतायत.’ त्याने मला ते दुसऱ्याच दिवशी सांगितले आणि आम्ही दोघेही पोटभर हसलो.

तुला जे शिकवले ते तसे फारसे नव्हतेच. परवाना हा भिंतीवर टांगायचा कागद नाही, तो रोज संध्याकाळी पाळायचा नेम आहे. जो अर्ज आपल्या हाती आला, त्याची नोंद त्याच दिवशी. नोटरीची फी एका रकान्यात, आपली लिहिणावळ दुसऱ्या. दोन्हींची मोट बांधायची नाही. पावती अर्जदाराला, स्थळप्रत आपल्याकडे. पांढऱ्या शाईला स्पर्श करायचा नाही. दिवस संपताना शेवटच्या नोंदीखाली जी जागा उरेल, तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ. वही भरली म्हणून फेकायची नाही, आणि परवाना परत केला म्हणूनही नाही. एकवीसच्या पुरात आमच्या घरात गळ्याइतके पाणी चढले, तेव्हा मी वह्यांची गाठोडी माळ्यावर चढवत होतो आणि तुझी काकू खालून ओरडत होती, ‘अहो, निदान तो टीव्ही तरी घ्या!’ ललिता अजूनही आल्यागेल्याला ऐकवते की, आमच्याकडे टीव्ही बुडाला आणि वह्या तरंगल्या. खरे तर खालच्या काही भिजल्याच होत्या. पाणी ओसरल्यावर आमचा किशोर मुंबईहून आला. रस्ता तुटला होता, अर्धा पल्ला तो चिखलातून चालत आला होता. मी ओल्या वह्या पुढ्यात घेऊन बसलो होतो. त्याने त्या माझ्या पुढ्यातून उचलल्या. शेजारच्या घरी वीज आली होती, तिथे इस्त्री घेऊन बसला आणि एकेका पानावर पातळ धोतराचा तुकडा ठेवून त्याने ती सगळी पाने वाळवली. एकही अक्षर फुटले नाही. माझ्या मुलाविषयी पुढे जे लिहिणार आहे, ते वाचताना हेही तुझ्या ध्यानात असावे.

ओळ धरण्याची चाल तू काढलेली नाहीस, हे मी जाणतो. आपल्या बाजूच्या टेबलांवर ती पूर्वीपासून आहे. नोटरीवकील पोलादपुरात ठरलेल्या वारीच बसतात आणि क्रमांकाप्रमाणे बोलावतात. वाडीवस्तीवरचा माणूस एका एसटीने उतरतो आणि तीच एसटी परत फिरली की तिने वर जातो. एखादा कागद राहिला म्हणून त्याचा क्रमांक गेला, तर त्याचा पुढचा वारही गेला. म्हणून टेबलवाले क्रमांक आणि तारीख तेवढी घालतात आणि पुढची ओळ सोडून देतात. यात लबाडी नसते, माया असते. मी मात्र कधी ओळ धरली नाही. त्यावरून माझी थट्टा होई. तुझ्या शेजारच्या टेबलावरचा महादू तर मी दिसलो की मोठ्याने म्हणे, ‘रेघवाले गुरुजी आले! पेनांना टोपणं लावा रे, नायतर आपल्यालाच तिरकं कापतील!’ मी त्याला तेव्हा म्हणालो होतो की, कोरी ओळ म्हणजे दार उघडे टाकून झोपणे आहे. आत कोण येईल ते आपल्या हातात नसते. तो म्हणाला, ‘गुरुजी, आपल्या घरात चोरायला हाय काय?’ आणि सगळे हसले. मीही हसलो.

माघात मी तुझ्याकडे आलो, तो दिवस तुला आठवत असेल. किशोरने मला गाडीतून आणले. त्याची आणि त्याच्या दोन भागीदारांची अंबेनळी घाटाच्या पायथ्याशी जागा आहे, हे तू ऐकून आहेस. महाबळेश्वरला जाणाऱ्यांसाठी तिथे राहण्याच्या खोल्या बांधायच्या, असा त्यांचा बेत. मुंबईची नोकरी सुटल्यापासून त्याने आपले सगळे त्या एका जागेत घातले आहे. त्या दिवशी तो म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला आम्रपालीकडे सोडतो, मी जागेवर जाऊन येतो.’ पण गेला नाही; चहा घेऊन आपल्यापाशीच बसला. तू नेहमीप्रमाणे नोंदवही माझ्यासमोर सरकवलीस. मी पाने उलटत गेलो आणि त्या ओळीपाशी थांबलो. चष्मा काढला. तू माझ्या चेहऱ्याकडे पाहून आधीच हसायला लागलीस. ‘काका, ओरडू नका. ती येसूआजीची जागा हाय. येईल ती. शिमग्याला वाडीवर येणारच.’ किशोर म्हणाला, ‘म्हणजे एसटीत रुमाल टाकतात तसं?’ तू म्हणालीस, ‘तसंच, किशोरदादा. फक्त आजी खिडकीतून यायची नाय.’ आपण तिघेही हसलो. तुझ्या पुढच्या अर्जदाराने घाई केली आणि मी वही मिटली. त्या हसण्यात किशोरने ओळीवरची तारीख वाचली असेल, असे माझ्या मनातही आले नाही.

त्यानंतरचे दिवस माझ्यासाठी फार चांगले गेले, आम्रपाली. आता ते लिहायला नको वाटते. पण ते चांगले गेले, हेही लिहिले पाहिजे. किशोरने लहानपणापासून माझ्या कामाची कधी चौकशी केली नव्हती. शाळेत बापाचा व्यवसाय लिहायचा असे, तिथे तो ‘कारकून’ लिहून मोकळा होई. मी त्याला समजावत असे की, कारकून वेगळा आणि परवानाधारक अर्जलेखक वेगळा. तो म्हणे, ‘बाबा, मास्तरांना काय फरक पडतो?’ आणि आता तोच मुलगा रोज जेवणानंतर माझ्या खाटेशी येऊन बसू लागला. विचारू लागला, अर्ज आला आणि नोटरी व्हायची राहिली, तर त्या नोंदीला काही किंमत असते का? मी सांगितले, असते तर! अमुक माणूस अमुक दिवशी शुद्धीत, आपल्या पायांनी आला आणि त्याने अमुक कागदासाठी अर्ज दिला, याचा तो पुरावा असतो. त्याने विचारले, आणि नोटरी व्हायच्या आधीच तो माणूस वारला तर? मी म्हटले, मग तर ती नोंद अधिकच महत्त्वाची. मेलेला माणूस बोलत नाही, वही बोलते. त्याने पावतीविषयी विचारले, स्थळप्रतीविषयी विचारले, तपासणीला आलेला अधिकारी नेमके काय पाहतो ते विचारले. मी उत्साहाने बोलत राहिलो. जुन्या वह्या काढून दाखवल्या. ललिता आतून म्हणाली, ‘आज बापलेकांना झोप नाय वाटतं!’ आणि तिच्या आवाजात मला आनंद ऐकू आला. मला वाटले, उशिरा का होईना, मुलाला बापाच्या कामात काही दिसले.

गेल्या आठवड्यात रखमाबाई माझ्या दाराशी आली. तिचा नवरा महिपत मार्गशीर्षात गेला, हे तुला ठाऊक आहे. घाटाखाली, अगदी रस्त्याला लागून त्याचे भाताचे खाचर आणि वर डोंगरउताराचे वरकस. वारसनोंदीचा अर्ज कुणाकडे द्यायचा, हे विचारायला ती आली होती. मी आता लिहीत नाही, पोलादपूरला आम्रपालीकडे जा, असे मी तिला सांगत होतो, तेवढ्यात किशोर बाहेरून आला, चप्पल काढून आत गेला. ती त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. म्हणाली, ‘ह्यो तुमचा पोरगा काय? ह्यो आमच्याकडं आलेला.’ कधी, मी विचारले. ‘म्हातारा जायच्या आधी. खाटंवर पडलेला तो. ह्यानं सफरचंदा आणलान. वाईच बसलान, गोड बोललान. मंग कागुद काढलान, म्हाताऱ्याचा अंगठा घेतलान नि गेला. मी इचारलं कसला कागुद, तर म्हनला, आजी, रस्त्याचा हाय.’ मी तिला विचारले, महिपत दिवाळीच्या सुमारास कधी पोलादपूरला गेला होता का? ती हसली. ‘त्यो? पावसाळ्याच्या आधीपास्नं उंबरठा वलांडला नाय म्हाताऱ्यानं. परसाकडला न्यायला मला दोन मानसं बोलवाया लागायची. पोलादपूर कसलं घेऊन बसलाव!’

मी तिला चहा दिला, वारसनोंदीला कोणते कागद लागतात ते सांगितले आणि तिला वाटेला लावले. मला आणखी कोणी काही सांगायची गरज उरली नव्हती. घरात, खाटेवर, साक्षीदाराविना घेतलेल्या अंगठ्याला कोणी विचारणार नाही. पण तोच महिपत दिवाळीपूर्वी स्वतः तुझ्या टेबलाशी आला, त्याने जमिनीच्या संमतिपत्राच्या नोटरीसाठी अर्ज दिला, फी भरली, आणि नोटरी होण्याआधीच बिचारा वारला, असे एका परवानाधारकाच्या वहीत त्या तारखेला लिहिलेले असेल, तर तोच अंगठा एकदम खरा दिसू लागतो. मी जे रोज जेवणानंतर समजावून सांगत होतो, ते हेच होते.

किशोरला मी त्याच दिवशी विचारले. त्याने नाकारले नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. तो म्हणाला, ‘बाबा, महिपतकाका हो म्हणाला होता. माझ्या तोंडावर हो म्हणाला होता. त्यांच्या खाचरातून वाट मिळाली नाही, तर आमची जागा हवेत लटकलीय. मी काय त्यांना लुबाडत होतो? पैसे देणारच होतो, आताही देईन.’ मी म्हटले, मग आता रखमाबाईला विचार. तो म्हणाला, ‘ती नाही म्हणते.’ मी म्हटले, मग उत्तर मिळाले की! त्यावर तो चिडला. ‘एक रिकामी ओळ आहे, बाबा. कुणाची नाही ती. ती म्हातारी काही परत येत नाही. तिथे चार शब्द पडले तर कुणाचं काय जातं? तुम्हाला माणसापेक्षा वही मोठी!’ ललिता मध्ये पडली. तीही मला म्हणाली, ‘पोराचं सगळं त्या जागेत अडकलंय. जन्मभर लोकांचं लिहिलंत, एकदा त्याच्यासाठी गप्प राहा.’ तिने मला लिहायला नव्हे, गप्प राहायला सांगितले, हे तू ध्यानात घे. आईला तेवढे मागण्याचा अधिकार आहे, असे मला त्या क्षणी वाटले. अजूनही थोडे वाटते.

त्या दिवसापासून मी यावर विचार करतो आहे. महिपत हो म्हणाला असेलही. म्हातारी माणसे दारी आलेल्याला नाही म्हणत नाहीत. किशोर खोटे बोलतो आहे, असे मी म्हणणार नाही. पण महिपत हो म्हणाला की नाही, ते मनापासून की नुसते सफरचंदांच्या भिडेने, हे ठरवणारे आपण कोणी नव्हे. ते ठरवायला न्यायाधीश आहेत. आपल्या वहीला एवढेच ठाऊक असते की, कोण आले, काय मागितले, काय दिले आणि कोणत्या दिवशी. वही इतके थोडे जाणते, म्हणून तर तिच्यावर विश्वास ठेवतात. त्या दिवशी तुझ्यासमोर येसूबाई उभी होती. महिपत त्याच्या खाटेवर होता. किशोरचे म्हणणे अक्षरशः खरे असले तरीही त्या ओळीतली नोंद खोटीच ठरेल. आणि ती ओळ कुणाची नाही, असे तो म्हणतो, तेही बरोबर नाही. ती येसूबाईची आहे. ती येवो अथवा न येवो.

तुझ्या मायेला मी चूक म्हणत नाही. माझ्या टेबलाशी येसूबाई आली असती, तर तिरक्या रेघेखाली तिचा क्रमांक गेला असता आणि पुढच्या वारी तिला पहिल्यापासून रांगेत उभे राहावे लागले असते, हे मला दिसते. मला वाटते, दोन्ही साधता येते; हे मला इतक्या उशिरा सुचावे, याचे नवल वाटते. क्रमांक धर, पण ओळ कोरी ठेवू नकोस. नाव लिही, गाव लिही, काम लिही, फीच्या रकान्यात ‘घेतली नाही’ असे लिही आणि शेऱ्यात लिही: ‘झेरॉक्स येणे बाकी.’ माणसाची जागाही राहते आणि दारही लागते. महादूलाही सांग. तो म्हणेल, ‘गुरुजींना म्हातारपणी अक्कल फुटली.’ म्हणू दे.

आता त्या ओळीचे काय करायचे, ते सांगतो. पत्र मिळताच त्या ओळीत खरी नोंद कर. येसूबाईचे पूर्ण नाव, वाडी, नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्र, कागद अपूर्ण असल्याने परत गेल्या, फी घेतली नाही. आणि त्यापुढे स्पष्ट लिही की, ही नोंद त्या दिवशी करायची राहिली होती, ती मी आज करत आहे. खाली लिहिशील त्या दिवसाची तारीख आणि तुझी सही. पावतीपुस्तकातल्या कोऱ्या पानावर आणि त्याच्या स्थळप्रतीवर दोन रेघा मारून ‘रद्द’ लिही. पान फाडू नकोस. तपासणीला अधिकारी आला आणि त्याने विचारले, तर झाले ते सरळ सांग. तो चार शब्द सुनावेल. उशिरा केलेल्या खऱ्या नोंदीसाठी परवाना जात नाही. वेळेवर केल्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या नोंदीसाठी जातो, आणि गेलाच पाहिजे.

हे सगळे फोनवर सांगता आले असते. पण काल दुपारी तुझा निरोप माझ्या मोबाइलवर आला: ‘काका, किशोरदादांनी तुमचा निरोप दिला. महिपतकाकांची राहिलेली नोंद सोमवारी करून देते. मला ठीक वाटत नव्हतं, पण तुम्ही सांगितलंत म्हणजे बरोबरच असणार.’ मी ते पुन्हा पुन्हा वाचले. इतक्या वर्षांत माझ्यावर कोणी एवढा विश्वास टाकला नाही, आणि त्या विश्वासाने मला इतके भयही कधी वाटले नाही. तेव्हा हे पत्र त्यासाठी आहे. मी, श्रीपत, किशोरकडे कोणताही निरोप दिलेला नाही. महिपतच्या नावाची नोंद करण्यास मी तुला सांगितलेले नाही, पुढेही सांगणार नाही. आणि माझ्या नावाने कोणी तसे सांगितले, तर तो माझा मुलगा असला तरी ते खोटे आहे. हे पत्र आणि टपालाचा शिक्का असलेले पाकीट नोंदवहीत जपून ठेव, आणि विचारणाऱ्याला दाखव. त्यात माझ्या मुलाचे नाव आहे म्हणून झाकून ठेवू नकोस. पत्र लिहीत असल्याचे मी घरात आजच सांगितले आहे. तुझी काकू जेवली नाही. किशोरने बेत सोडलेला दिसत नाही, त्यामुळे तो सोमवारी तुझ्याकडे येईल, असेच मी धरून चाललो आहे. आला तर त्याला बसायला दे, चहा दे, त्याच्याशी दादा म्हणूनच बोल, आणि ती येसूबाईची नोंद त्याला वाचून दाखव. तो रागावेल. रागावला की तो इकडे घरी यायचा नाही, गाडी काढून वर घाटाकडे, त्या जागेवर जाईल, आणि रागात तो फार वेगाने गाडी चालवतो. तेव्हा तो तुझ्याकडून निघाला की, तेवढा मला फोन कर. मी फोनपाशीच असेन.

तुझाच,
श्रीपतकाका